माझ्या अंगातले राखणदार

हे मी दुपारी लिहिते. दुपारी घरात कुणी नसतं, आणि कुणी असलं की मला लिहायला लाज वाटते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं लग्नाआधी आणि लग्नानंतरही निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम केलं. तिथं बायका दिवसभर बोलायच्या, मी ऐकायची. घरी परका माणूस आला की मी आतल्या खोलीत जायची आणि तो गेल्यावर चहाचे कप उचलायला बाहेर यायची. सगळा जन्म असाच गेला.

पण पोटाच्या कॅन्सरमधून मी उठले आहे. उठताना माझ्या अंगानं जे केलं त्याचा मला अभिमान आहे, आणि तो कुणाला सांगायचा हे कळेना म्हणून लिहिते. ज्या बाईला आज हे दुखणं कळलं असेल तिच्या उपयोगाला आलं तर बरं. औषधांची नावं लिहीत नाही. ती डॉक्टरांनी सांगावीत.

पित्त

सुरुवात भाकरीपासून झाली. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरायचं. मी म्हटलं, पित्त असेल. आल्याचं पाणी पिऊन बघितलं, मेडिकलमधली पावडर घेऊन बघितली. झंपर ढिले पडायला लागले तेव्हा ते आतून शिवून घेतले. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या सुनंला माझ्या हातचं जेवान ग्वाड लागंना झालंय." मी हसले. मलाही तसंच काहीतरी वाटत होतं.

मग संडासला काळं व्हायला लागलं. डांबरासारखं. हे कुणाला सांगायचं? नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, आत्तींना सांगायची तर त्याहून नव्हती. एक दिवस वखारीत पाट्या उचलताना डोळ्यांपुढं अंधार आला आणि मी तंबाखूच्या ढिगावर बसले. बायकांनी ह्यांना बोलावून घेतलं. निपाणीच्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाले, अंगात रक्तच नाही, आजच बेळगावला न्या.

आमचा मुलगा सागर बेळगावातच उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. तो कामावरून तसाच, हाताला काळं लागलेलं, दवाखान्यात आला. तोंडातून दुर्बीण घालून माझ्या पोटात बघितलं. तुकडा काढून घेतला. तो तपासून आला त्या दिवशी डॉक्टरांनी बापलेकाला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. दोघं बाहेर आले. सागर माझ्यासमोर खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधून झाली तरी तो वर बघेना.

मी म्हटलं, "कॅन्सर हाय न्हवं?"

हे म्हणाले, "तुला कोण बोललं?"

"कोण न्हाय. ह्यानं नाडी किती येळ बांधायची?"

मग सागर रडला. मी रडले नाही. धाडस होतं म्हणून नव्हे, मला पोराची लाज वाटत होती, एवढ्या लोकांत रडतोय म्हणून. पण तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदा मी उच्चारला, हे मला आज आठवतं आणि बरं वाटतं.

तंबाखूच्या रानात बंबाखू म्हणून एक रोप येतं. हिरवं पान नाही, काही नाही. तंबाखूच्या मुळाला जमिनीखाली चिकटून वाढतं आणि वर येतं तोवर तंबाखूचा जीव निम्मा झालेला असतो. लहानपणी आम्ही ती उपटायला जायचो. त्या दिवशी घरी परतताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी एवढाच विचार करत होते की माझ्या पोटात बंबाखू आलाय, आणि तो मला दिसत नाही, मला उपटता येत नाही.

घोंगडं

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी मला आत बोलावलं. डॉक्टर बेळगावातलेच, वयानं सागरपेक्षा थोडे मोठे. मला काकू म्हणायचे. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला. गुलाबी कापडावर जांभळे ठिपके शिंपडावेत तसं चित्र होतं.

"काकू, हा तुमच्या गाठीचा तुकडा. आणि हे जांभळे बारके ठिपके आहेत ना, ह्या तुमच्या रक्तातल्या पेशी. अंगाची राखण करणाऱ्या. बघा, गाठीभोवती कशी गर्दी केलीय."

मी पदर सारखा केला आणि बघत राहिले.

"तुमच्या अंगानं गाठ ओळखलीय. सगळ्यांच्या तपासात एवढं दिसत नाही. तुम्हाला कळायच्या कितीतरी आधीपासून ह्यांची लढाई चाललीय."

मी वखारीत पाट्या उचलत होते, पित्त म्हणून आल्याचं पाणी पीत होते, आणि आत ही एवढी गर्दी माझ्यासाठी उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. मला जन्मात कुणी अशी गोष्ट सांगितली नव्हती. माझ्या तोंडून प्रश्न निघाला. डॉक्टरला विचारलेला तो माझा पहिला प्रश्न.

"मग त्या आत का शिरंनात?"

डॉक्टर हसले. म्हणाले, हाच तर प्रश्न आहे. गाठ मोठी लबाड असते. ती आपल्या अंगावर अशी खूण लावते की राखण करणाऱ्यांना वाटावं, ही घरचीच आहे. मग ते जवळ येऊन थांबतात. एक औषध आहे, ते ही फसवणूक मोडतं. हे औषध प्रत्येक गाठीला लागू पडत नाही, पण तुकड्याच्या तपासात तुमच्या गाठीची जात तशी निघालीय. आधी हे औषध देऊ, मग ऑपरेशन करू. खात्री देता येत नाही, पण आशा चांगली आहे.

औषध फार महाग होतं. ते मिळवायला सागर कुठं कुठं फिरला ते त्यालाच माहीत. मी फक्त त्याच्या चपला झिजलेल्या बघितल्या.

परत येताना बस संकेश्वरला थांबली. हे पेरू घेऊन आले, पण माझ्यासमोर खाईनात. मी जेवत नव्हते म्हणून हेही चोरून जेवायचे तेव्हा. मी म्हटलं, "खावा की. तुमी उपाशी ऱ्हायलासा म्हणून माझी गाठ काय कमी हुणार न्हाय."

पेरू खाता खाता म्हणाले, "मला एक कळंना. औषध गाठीला मारत न्हाय म्हणत्यात. मग करतंय तरी काय?"

"आपलं कुत्रं घरच्या माणसाला भुंकतंय का?"

"न्हाय."

"आणि चोर तुमचं घोंगडं पांघरून आला तर?"

ते म्हणाले, "वासानं फसंल की गं."

"तेच झालंय. हे औषध चोराला मारत न्हाय. त्याच्या अंगावरचं घोंगडं वढून काढतंय. म्होरचं कुत्रं बगून घेतंय."

पुढच्या सीटवरून सागर मागं वळला. "आई, हे डॉक्टरास्नी सांगाय पायजे."

"गप बस. बसमधी माणसं हाईत."

ह्यांनी शेवटचा पेरू हातात तसाच धरला होता. "आणि मोकळं सुटलेलं कुत्रं घरच्यालाच चावलं तर?"

मी म्हटलं, "खावा आधी त्यो पेरू."

बाटलीचे दिवस

औषध सलाईनमधून द्यायचे. आम्ही त्याला बाटली म्हणायचो. बाटलीच्या दिवशी पहाटे उठून आमच्या गावाहून निपाणीला यायचं, बस धरायची, दवाखान्यात रक्त द्यायचं, वजन करायचं आणि रांगेतल्या खुर्चीत बसून नावाची वाट बघायची. नाव कानडी हेलात पुकारायचे. माझं नाव आलं की मी मान खाली घालायची आणि हे तिकडून ओरडायचे, "हाय, हाय!" एकदा महादेवी नर्स म्हणाली, "औषध यजमानांना द्यू का मग?" सगळे हसले. तेव्हापासून नाव आलं की मी स्वतः हात वर करायला लागले. आधी खांद्याएवढा, मग जरा वर.

महादेवी गोकाककडची. मराठी बोलायची, स्वतःला पुरुषासारखं "मी सांगतो, मी येतो" म्हणायची, आणि मध्येच कानडीत घसरायची. सुई टोचताना विचारायची, "होट्टी हेंग ऐती, आक्का?" पोट कसं आहे? मी म्हणायची, "चलो ऐती," म्हणजे बरं आहे. तिला माझी शीर पहिल्या खेपेला सापडायची. बाटली चालू असताना ती माझ्या पायावर चादर टाकून जायची, न सांगता. आजारपणात माणूस मोठ्या गोष्टी विसरतं, पण चादर विसरत नाही.

पहिल्याच दिवशी तिनं खुर्चीजवळ बसून मला बजावलं होतं.

"ऐका आक्का. हे औषध तुमच्या अंगातल्या राखणदारांना सोडतंय. ते कधी कधी घरातल्या माणसावर पण धावतात. कातडीवर धावले तर पुरळ येतंय. आतड्यावर धावले तर जुलाब. कधी दम लागतंय. काय पण झालं तर मला फोन. घरी औषध घेऊन बसायचं नाही."

मी ह्यांच्याकडं बघितलं. तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवलं.

"त्यांना नाही, तुम्हाला सांगतोय. लाजायचं नाही. हे लाजून घ्यायचं औषध नव्हे."

नंबर तिनं माझ्याच मोबाईलमध्ये घालून दिला. तोवर त्या मोबाईलवरून मी फक्त सागरला आणि माझ्या भावाला फोन करत होते.

आई आल्या

दुसऱ्या बाटलीनंतर काही दिवसांनी माझ्या पाठीवर आणि दंडांवर लाल पुरळ उठलं. अंग कोमट होतं. त्याच वेळी आमच्या गल्लीत दोन घरांत पोरांना कांजिण्या आल्या होत्या. आत्तींनी माझा दंड बघितला आणि झटकन डोक्यावर पदर घेतला.

"आई आल्यात गं बाई."

आमच्याकडं अंगावर असे फोड उठले की देवी घरात आली असं मानतात. दाराला कडूलिंबाचे डहाळे लावतात. घरात फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, कुणी बाहेरगावी जायचं नाही. औषध तर अजिबात नाही, देवीचा अपमान होतो. तिला थंड वाटेल असं सगळं करायचं, आणि ती आपल्या पावलांनी जाईपर्यंत वाट बघायची.

आत्तींनी हे सगळं मनापासून केलं. माझ्याखाली लिंबाचा पाला पसरला. दहीभात कालवून आणला. आणि त्या माझ्याशी अहोजाहो बोलायला लागल्या. ज्याच्या अंगावर देवी असते त्याला आई म्हणायचं असतं. इतकी वर्षं "ए, चुलीकडं बघ" म्हणणारी सासू माझ्यासमोर हात जोडून म्हणायची, "आई, शांत व्हा. लेकरावर दया करा. काय पायजे ते मागा." मला हसू यायचं आणि रडूही यायचं. त्या माझ्यासाठीच करत होत्या.

मी एकदा हळूच म्हटलं, "आत्ती, नर्सबाईंनी सांगितलं हुतं..." त्यांनी माझ्या ओठांवर बोट ठेवलं. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "माझ्या आईला कोण समजावणार? दोन दिस जाऊ देत."

पण दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. आमचा संडास परसाच्या टोकाला. तिथं जायचं तर पुढून, सोप्यावर म्हणजे ओसरीवर बसलेल्या पुरुषांसमोरून जावं लागतं. मी जात होते, येत होते, पुन्हा जात होते. सोप्यावरची माणसं बोलायची थांबायची. आत्ती म्हणाल्या, "देवी अंगातली घाण भाईर टाकतीया." मी मोजायचं सोडून दिलं. पोटात पीळ पडत होता आणि पुसताना रक्त दिसलं.

मी परसात भिंतीला टेकून बसले. मोबाईल झंपरात होता. महादेवीचं नाव काढलं. बोट त्यावर ठेवलं आणि उचललं. काय बोलायचं? माझ्या तोंडून तो शब्दच येत नव्हता. आतले राखणदार मोकळे सुटले होते आणि त्यांना आवरायला बाहेरून कुणीतरी यायला पाहिजे होतं. ते कुणाला बोलावणार? त्यांना तोंड नाही. तोंड माझ्याकडंच होतं.

मी फोन लावला.

"हा आक्का, बोला."

"महादेवी... जुलाब व्हायलेत. रक्त बी हाय. पुरळ बी हाय."

"कधीपासून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. रंग, किती वेळा, दुखतं कुठं. बोलायला लागले तसा आवाज मोठा होत गेला. शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकावली, तरी मी थांबले नाही.

महादेवीचा आवाज बदलला. "आक्का, आत्ता निघा. उद्या नाही. आत्ता. मी डॉक्टरांना सांगून ठेवतोय."

मी घरात आले. हे दारात उभे होते, आत्ती लिंबाचा पाला बदलत होत्या. मी पोट धरून मधल्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मला बेळगावला न्ह्या."

"अगं पर माझी आई म्हणतीया..." हे बोलायला लागले.

मी मोठ्यानं म्हणाले, "मला आत्ताच्या आत्ता बेळगावला न्ह्या!"

माझा एवढा मोठा आवाज त्या घरानं कधी ऐकला नव्हता. सोप्यावरची माणसं उठून उभी राहिली. आत्तींच्या हातातला पाला खाली पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आईचं मागणं हाय. आईस्नी बेळगावला जायाचं हाय. उभं काय ऱ्हायलाईसा, गाडी बगा!"

गल्लीतल्या एकाची गाडी आली. आत्तींनी लिंबाचा एक डहाळा माझ्या उशाला ठेवला आणि स्वतःही शेजारी बसल्या. संकेश्वर येईपर्यंत त्या माझे तळवे चोळत होत्या.

थांबलेली बाटली

डॉक्टर म्हणाले, राखणदार आतड्यावर धावून गेलेत. आणखी उशीर झाला असता तर आतड्याला भोक पडलं असतं. त्यांना शांत करायचं दुसरं औषध चालू केलं. वॉर्डात बायकांच्या रांगेत मला खाट मिळाली. सकाळी डॉक्टरांची फेरी, मग चादरी बदलायच्या, मग पातळ पेज, मग पुन्हा फेरी. जुलाब हळूहळू थांबले. पुरळ वाळलं. मला बरं वाटायला लागलं, आणि तेव्हाच डॉक्टरांनी खाटेजवळ येऊन सांगितलं की पुढची बाटली आता देता येणार नाही.

मी विचारलं, "आता कधी?"

"बहुतेक नाहीच, काकू. तुमच्या अंगाला झेपणार नाही. आधी हे पूर्ण शांत होऊ दे. मग दुर्बिणीनं बघू आणि पुढचं ठरवू."

हे दिवस सगळ्यात वाईट गेले. मरणाची भीती मला कळल्या दिवशी वाटली नव्हती तेवढी आता वाटली. ज्या औषधासाठी पोरगा वणवण फिरला ते मी एका फोननं बंद पाडलं, असं मनात यायचं. गप्प बसले असते, आणखी थोडं सोसलं असतं, तर एक बाटली मिळाली असती का? हे मी कुणाला विचारलं नाही. सागर डबा घेऊन यायचा, मी भिंतीकडं तोंड करून पडायची.

आत्ती दवाखान्यातच राहिल्या होत्या. खाटेखाली चटई टाकून झोपायच्या. एक दिवस माझे केस विंचरत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला राहवलं नाही.

"आत्ती, एक सांगू? त्या दिशी देवी बोलली न्हवती. म्याच बोलले हुते."

फणी थांबली नाही. "ठावं हाय मला."

"ठावं हाय?"

"एवढी वर्सं एका चुलीवर सैंपाक केलाय दोघींनी. तुजा आवाज वळखत न्हाय व्हय मी? लहान असला म्हणून काय झालं?"

"मग आईचं मागणं म्हणून का सांगितलासा?"

"सोप्यावर धा माणसं बसलीती. सुनंनं मागितलं म्हणून देवी घराभाईर काढली म्हटल्यावर गावानं मला सोडलं असतं का? देवीनंच मागितलं म्हटल्यावर कोण काय बोलणार?" त्यांनी गुंता सोडवताना केस जरा जोरात ओढले. "आणि देवी माझ्यावर रागावली तर रागावू दे. तिचं आणि माझं मी बगून घीन. तुजं पोट तिला काय ठावं."

मी तोंड वळवून रडले. त्या म्हणाल्या, "मान सरळ ठेव, भांग वाकडा पडतोय."

मग मी मनातलं तेही बोलून टाकलं, बाटली बंद पाडली ते. आत्तींनी वेणी घातली, गाठ मारली आणि म्हणाल्या, "जित्ती ऱ्हायलीस तर गाठ मारायची न्हवं? मेल्यावर कुणासाठी मारतीस?"

जागा रिकामी होती

सगळं शांत झाल्यावर पुन्हा दुर्बीण घातली. मी डोळे मिटून पडले होते. बाहेर आल्यावर डॉक्टरांचं तोंड बघायचं धाडस होत नव्हतं, म्हणून मी त्यांचे हात बघितले. ते एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं मोजल्यासारखं करत सागरला काहीतरी समजावत होते. मग मला म्हणाले, "काकू, गाठ बरीच आकसलीय. आता ऑपरेशन करू."

ऑपरेशनविषयी फार लिहीत नाही. पोटाचा मोठा भाग काढला. नाकात नळी, पोटाला नळी, हाताला नळी. उठून चालायला लावतात तेव्हा वाटतं पोट उसवून पडेल, पण पडत नाही. पहिल्या दिवशी खाटेपासून दारापर्यंत गेले, आणि दाराशी उभ्या असलेल्या ह्यांनी असा चेहरा केला जणू मी डोंगर चढून आले. पहिलं पाणी चमच्यानं मिळालं. त्या चमच्याएवढं गोड मी काही प्यायले नाही.

काढलेला भाग तपासायला गेला होता. तो तपास आला तेव्हा डॉक्टर एकटे नव्हते, त्यांच्याबरोबर दोन-तीन तरुण डॉक्टर होते. पूर्वीची मी असते तर चादर तोंडावर ओढली असती.

"काकू, आम्ही काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर सापडला नाही. गाठीच्या जागी नुसता व्रण आहे. आणि आजूबाजूच्या ग्रंथींतही काही नाही."

मी विचारलं, "मग गाठ कुणी काढली? तुमी का औषधानं?"

डॉक्टरांनी त्या तरुणांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. "औषधानं वाट मोकळी केली. आम्ही जागा काढून टाकली. पण साफ तुमच्या अंगानं केली."

सागर पुन्हा नाडी बांधायला बसला. ह्यांनी डॉक्टरांना नमस्कार करायला हात जोडले आणि चुकून माझ्याकडं वळून केले. आत्ती खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पोटावर, पट्टीच्या जरा वर, अलगद हात ठेवला आणि आतल्यांना उद्देशून म्हणाल्या, "लई चांगलं केलासा गं बायांनो. आता गप निजा."

डॉक्टर हसले, मी हसले, पोट दुखलं.

अजून दर काही महिन्यांनी तपासणी असते. पुन्हा येणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही, मीही मागितलेलं नाही. थोडं थोडं, पण दिवसातून कितीतरी वेळा खाते. भाकरी कुस्करून. वखारीत जात नाही. राखणदारांची राहिलेली खूण म्हणजे हाताच्या बोटांची सांधेदुखी. पाट्यावर वाटायला बसले की ठणकतात. मी त्यांना रागवत नाही. त्यांनी जे केलं त्यापुढं एवढं चालतं.

शेजारच्या गावची

मागच्या आठवड्यात महादेवीचा फोन आला. म्हणाली, आक्का, तुमच्या शेजारच्या गावची एक बाई आहे, तिला तुमच्यासारखंच औषध चालू आहे. घाबरलीय, काही बोलत नाही. तुमच्याकडं पाठवतोय.

ती परवा दुपारी आली, दिराबरोबर. माझ्यापेक्षा लहान. दीर सोप्यावर बसला आणि ती दारातच अंग चोरून उभी राहिली. मी तिला आतल्या खोलीत नेलं. ज्या खोलीत मी लपायची त्याच खोलीत. आत्ती मागून आल्या आणि सुरू झाल्या, देवी कशी आली, गाडी कशी आली, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हणाले, "आत्ती, थांबा जरा. मी बोलते."

आत्ती थांबल्या. पाटावर बसल्या आणि ऐकायला लागल्या.

मी तिला सगळं सांगितलं. काळ्या संडासपासून. पहिल्यांदाच ते सगळं एका दमात एका परक्या माणसाला सांगितलं. परसातला फोन सांगितला. बाटली बंद झाली तेव्हा कसं वाटलं ते सांगितलं. ती मान हलवत होती, पण बघत होती जमिनीकडं. चहा घेतला नाही. पाणी विचारलं तर म्हणाली नको.

मी विचारलं, "पाणी का नगं?"

"जायला लागंल परत."

"कुठं जायला?"

तिनं दाराकडं बघितलं. बाहेर दीर खोकला. मी उठून दार लोटून घेतलं.

"कवापासून?"

ती एकदम हळू म्हणाली, "चार दिस झालं. घरात सगळी पुरुषमाणसं हाईत, आक्का. कसं सांगू?"

मी मोबाईल काढला, महादेवीचं नाव दाबलं आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "हा आक्का, बोला." ती माझ्याकडं बघायला लागली, मीच बोलेन म्हणून.

मी बोलले नाही. तिच्याजवळ सरकून बसले आणि म्हणाले, "बोल. मी हाय हितं."

तिनं फोन कानाला लावला. मग ती बोलली.